प्राध्यापकांच्या शेजारी बसून केलेले काम

विद्यापीठातील आणि संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांना अध्यापनात तंत्रज्ञानाचा उपयोग करता यावा, यासाठी त्यांना साहाय्य करणे हे माझे काम आहे आणि माझी जवळजवळ सगळी नोकरी या एकाच कामात गेली आहे. कागदोपत्री माझे पदनाम बदलत राहिले, कार्यालयाची जागा बदलली, हाताखालची यंत्रे तर दर काही वर्षांनी बदलतच गेली. या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण अधूनमधून भेटतात आणि विचारतात की, या कामात दिवसभर नेमके काय करायचे असते आणि त्यासाठी काय शिकून यावे लागते. दोन वाक्यांत देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नाही, म्हणून माझा प्रवास जसा झाला तसा मांडते.

पदार्थविज्ञानाची पदवी आणि इलेक्ट्रॉनिक्समधील पदविका घेऊन मी विद्यापीठाच्या दृक्‌श्राव्य केंद्रात तांत्रिक साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्या काळी शैक्षणिक तंत्रज्ञान म्हटले की दूरदर्शन डोळ्यांसमोर येई. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला होता आणि पुण्यासह देशातील निवडक केंद्रांत त्यासाठी कार्यक्रम तयार होत. आमच्या लहानशा केंद्रावरही त्याच पद्धतीची छाप होती. प्राध्यापक पाहुण्यासारखे येत, संहिता वाचत, ध्वनिमुद्रण आणि चित्रण संपले की चहा घेऊन परत जात. पुढे २००४ साली एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडला गेला आणि निवडक महाविद्यालयांच्या गच्चीवर डिश अँटेना दिसू लागल्या. एका ठिकाणचे व्याख्यान अनेक ठिकाणी एकाच वेळी पोहोचू लागले, ही मोठीच गोष्ट होती. आवाज नीट जातो आहे का, चित्र थरथरते का, यावर माझे लक्ष असे. पलीकडच्या वर्गांत बसलेल्या मुलांना काय उमगले, हे विचारण्याची जबाबदारी मात्र त्या सगळ्या व्यवस्थेत कोणाकडेच सोपवलेली नव्हती.

ते विचारायचे असते आणि त्याची एक रीत असते, हे मला २००९ नंतर कळत गेले. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून आयआयटी मुंबईने शिक्षकांसाठी मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षणे घेतली. पवईहून होणारे सत्र गावोगावच्या महाविद्यालयांतील केंद्रांत ‘अ-व्ह्यू’ या प्रणालीवरून दिसे आणि आमच्याकडच्या केंद्राची तांत्रिक बाजू मी सांभाळत असे. या सत्रांत व्याख्यान मध्येच थांबवून समोरच्यांना एक प्रश्न दिला जाई. आधी एकट्याने विचार करा, मग शेजारच्याशी बोला, मग सर्वांसमोर मांडा, अशी ती पद्धत होती. आमच्या केंद्रात बसलेले, वीस-पंचवीस वर्षे शिकवत असलेले प्राध्यापक त्या काही मिनिटांत तावातावाने वाद घालू लागत आणि पडद्याकडे कोणाचे लक्षही राहत नसे. संगणकाच्या टेबलामागून ते पाहताना या कामाचे केंद्र कुठे आहे, हे मला पहिल्यांदा स्पष्ट दिसले. त्यानंतर मी नोकरी सांभाळून शैक्षणिक तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. आज या विषयाचे शिक्षण घ्यायचे असेल तर मुंबईतच एसएनडीटी विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. करता येते. पण या दोन्ही वाटा मुलांना क्वचितच कोणी सांगते.

माझ्या कामातील सर्वांत मोठा काळ मूडलने व्यापला. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली खुली केलेली, पाठ्यसाहित्य आणि चाचण्या ऑनलाइन देण्यासाठीची ही प्रणाली फुकट मिळते आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, म्हणून आम्ही ती निवडली. ती बसवायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो मराठी माध्यमातून शिकवणाऱ्या प्राध्यापकांची प्रश्नपेढी तिच्यात आणायला, आणि त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला याच घाटातून जावे लागते.

आमच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे तयार केलेले प्रश्न डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले होते. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असतात. त्यामुळे ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे मजकूर सुरेख दिसतो, पण मूडलमध्ये डकवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग तेवढी उरते. अर्थशास्त्राच्या एका मॅडम आपली प्रश्नपेढी पेन ड्राइव्हवर घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासमोर पडद्यावर असा मजकूर उमटला तेव्हा आपली फाइल खराब झाली, असे वाटून त्या अतिशय अस्वस्थ झाल्या. फाइल शाबूत होती. परिवर्तक सॉफ्टवेअरमधून ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणता येते, पण ते काम पूर्ण बिनचूक होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ही अदलाबदल करताना जोडाक्षर आले की परिवर्तक गडबडतो आणि ‘स्थिती’चे ‘स्िथती’ होते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याचा’ यांसारख्या शब्दांतील रकाराचेही तसेच होते. म्हणून परिवर्तनानंतर प्रत्येक प्रश्न डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य असते आणि हे काम विषय जाणणाऱ्या माणसाशेजारी बसूनच करावे लागते.

त्या मॅडमबरोबर मी तसे बसले. मजकूर दुरुस्त झाल्यावर आम्ही प्रश्न एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ‘गिफ्ट’ या मांडणीत लिहिले. प्रश्न लिहायचा, महिरपी कंसात पर्याय द्यायचे, बरोबर पर्यायाआधी बरोबरचे चिन्ह (=) आणि चुकीच्या पर्यायांआधी लाटेसारखे चिन्ह (~) द्यायचे, आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत जतन करायची, एवढेच त्याचे नियम आहेत. ते एकदा हाताला बसले की शंभर प्रश्न एका दमात प्रणालीत चढवता येतात. मॅडमनी पुढच्या फाइली घरी बसून स्वतः तयार केल्या.

पण या कामाचे खरे मोल चाचणी झाल्यावर कळले. मूडल प्रत्येक प्रश्नाचे विश्लेषण देते. किती टक्के विद्यार्थ्यांनी तो बरोबर सोडवला आणि एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्यांनी त्या प्रश्नात काय केले, हे दोन्ही त्यात दिसते. मागणीवरचा एक प्रश्न होता: इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली तर काय घडते? अपेक्षित उत्तर ‘मागणीचा संकोच’ हे होते. वर्गातील हुशार मुलांसह बहुतेकांनी ‘मागणीतील ऱ्हास’ हा पर्याय निवडला होता. किंमत बदलली की आपण त्याच मागणी वक्रावर वर-खाली सरकतो (किंमत वाढल्यावर होतो तो संकोच) आणि उत्पन्न, आवडनिवड यांसारखा दुसरा घटक बदलला की वक्रच डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो (डावीकडे सरकला तर तो ऱ्हास), हा भेद मुलांनी पाठ केलेला होता, पण त्यांना तो दिसलेला नव्हता. मॅडम तो अहवाल बराच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशीच्या तासाला त्यांनी फळ्यावर दोन आकृत्या शेजारी शेजारी काढल्या आणि आठ-दहा घटना सांगून प्रत्येक घटना कोणत्या आकृतीत बसते, हे मुलांकडून वदवून घेतले. तो तास खडू-फळ्याचा होता. तरीही तंत्रज्ञानाच्या उपयोगाचे माझ्या पाहण्यातील ते एक उत्तम उदाहरण आहे, असे मी मानते.

डोंगराळ तालुक्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक भेटले. त्यांची अडचण वेगळी होती. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा भाग घ्यायचा, ॲसिटोकार्माइनने रंगवायचा, काचपट्टीवर दाबून पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभाजनाच्या अवस्था ओळखायच्या, हे प्रात्यक्षिक सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मुले एकेक करून नेत्रिकेला डोळा लावत आणि ‘दिसले सर’ म्हणून बाजूला होत. मुलाने मध्यावस्थेतील गुणसूत्रे पाहिली की हवेचा बुडबुडा पाहिला, हे सरांना कळायला मार्ग नव्हता. महाविद्यालयाकडे पैसे नव्हते आणि कॅमेरा असलेल्या सूक्ष्मदर्शकाची मागणी करून उपयोग नव्हता. नेत्रिकेवर मोबाइल धरून ठेवणारी एक स्वस्त पकड बाजारात मिळते. ती लावून मोबाइलचे चित्र आम्ही वर्गातील प्रोजेक्टरवर घेतले. सर काचपट्टी हळूहळू सरकवू लागले आणि पेशीच्या मध्यावर ओळीने आलेली गुणसूत्रे भिंतीएवढी दिसू लागली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही उठून पुढे आल्या. नंतर त्यांनी त्याच काचपट्ट्यांचे फोटो काढून चाचणी तयार केली, ज्यात अवस्थेचे नाव ओढून योग्य पेशीवर ठेवायचे होते. चित्रे त्यांच्याच प्रयोगशाळेतील होती. पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखी नीटनेटकी नसलेली, काही फिकट, काही एकमेकांवर चढलेल्या पेशींची ती चित्रे ओळखता येणे, हेच मुळात त्या प्रात्यक्षिकाचे उद्दिष्ट असते.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय व्यासपीठाचे औपचारिक उद्घाटन झाले. तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरण्याचे नियम २०१६ मध्ये केलेच होते. त्यांत एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ऑनलाइन करण्याची मुभा होती आणि २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढली. त्यामुळे आमच्या केंद्रात पुन्हा चित्रीकरणाची वर्दळ सुरू झाली. स्वयम्‌च्या अभ्यासक्रमाला चार अंगे असावी लागतात: व्हिडिओ पाठ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वयंमूल्यमापन. सर्वांचे लक्ष पहिल्या अंगाकडेच असते.

गणिताच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे चित्रीकरण होते. हिरवा पडदा, समोर टेलिप्रॉम्प्टर आणि बाजूला सुबक स्लाइड, अशी सगळी तयारी होती. वर्गात मुलांना खिळवून ठेवणारे सर तिथे शब्दन् शब्द वाचत होते आणि स्वतःलाच परके वाटत होते. अभिसारी क्रमिका (जिची पदे एका संख्येच्या हवी तितकी जवळ जातात) ही कॉशी क्रमिका (जिची पदे पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात) असते, ही सिद्धता ते शिकवत होते. तिच्यात सुरुवातीलाच एप्सिलॉन ही कितीही लहान धन संख्या घेऊन त्याचा अर्धा भाग वापरावा लागतो. स्लाइडवर ती सिद्धता आयती उमटते आणि एप्सिलॉनचा नेमका अर्धाच भाग का घेतला, हा मुलाचा प्रश्न तसाच राहून जातो. मी सरांना विचारले, “सर, वर्गात हे तुम्ही कसे करता?” ते म्हणाले, “मी ती जागा रिकामी सोडतो. शेवटी दोन अंतरांची बेरीज एप्सिलॉनपेक्षा कमी यायला हवी, हे दिसले की मुलेच सांगतात तिथे काय लिहायचे ते.” आम्ही टेलिप्रॉम्प्टर बाजूला ठेवला. टेबलावरच्या कागदाचे वरून चित्रण करणारा व्हिज्युअलायझर लावला आणि सर जाड निबाच्या पेनाने कागदावर लिहू लागले. एप्सिलॉनच्या अर्ध्या भागाच्या जागी त्यांनी एक रिकामी चौकट काढली, सिद्धता शेवटपर्यंत नेली आणि मग मागे येऊन ती चौकट भरली. चौकट भरण्याआधी ते क्षणभर थांबतात. संकलनात तो थांबा कापू नये, असे मी संकलकाला आवर्जून सांगितले, कारण विद्यार्थ्याचा विचार होतो तो त्याच वेळात.

या प्रसंगातून माझ्या पद्धतीचे एक सूत्र पक्के झाले. प्राध्यापकांसमोर बसल्यावर मी साधनाचे नाव आधी घेत नाही. या घटकात मुले कुठे अडतात आणि तुम्ही त्या जागी आजवर काय करत आलात, हे दोन प्रश्न मी विचारते आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलत नाही. विषयाचे ज्ञान, तो शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञान यांचा मेळ शिक्षकाच्या ठायी कसा बसतो, याची मांडणी पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली केली आणि ती या क्षेत्रात सर्वत्र शिकवली जाते. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी प्राध्यापकांजवळ आधीपासून असतात, याची जाणीव साहाय्य करणाऱ्याला सतत असली पाहिजे. ज्येष्ठ प्राध्यापकांना स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर किंवा विभागातील कनिष्ठांसमोर पासवर्ड विसरल्याचे सांगावे लागू नये, याची मी फार काळजी घेते. विभागात गेले की मी त्यांच्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि माउस त्यांच्याच हातात राहू देते. हे पुस्तकांत सापडत नाही, पण पुष्कळ मोठी आणि खर्चिक प्रशिक्षणे केवळ याच्या अभावी वाया गेलेली मी पाहिली आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जे काम वर्षांत व्हायचे ते दिवसांत करावे लागले. तो काळ सर्वांनी अनुभवला आहे, म्हणून एकच गोष्ट नोंदवते. आमची बरीच मुले गावी परतली होती. तिथे रेंजसाठी टेकडीवर जावे लागे आणि दिवसाचा ठरावीक डेटा घरातील भावंडांत वाटला जाई. तासाभराच्या थेट व्हिडिओ वर्गाला शेकडो एमबी लागतात. त्याऐवजी आम्ही प्राध्यापकांना दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिफिती आणि सोबत हस्तलिखित टिपणांची पीडीएफ तयार करायला शिकवले. एकाच वाहिनीवरचा आवाज सेकंदाला ३२ किलोबिट या दराने साठवला तर दहा मिनिटांची फीत सुमारे २.४ एमबीत बसते आणि बोलणे व्यवस्थित ऐकू येते. आठवड्यातून एकदा फक्त शंका विचारण्यासाठी थेट वर्ग असे. थेट तास जितके जास्त तितके अध्यापन चांगले, असा आग्रह तेव्हा अनेक ठिकाणी धरला जात होता. तो आग्रह गावच्या मुलांवर अन्याय करणारा होता, हे माझे मत आजही कायम आहे.

आता प्राध्यापकांचे प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल असतात. मुले गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून आणतात, ते ओळखायचे कसे, असे विचारले जाते. ओळखण्याच्या साधनांवर मी त्यांना विसंबू देत नाही. त्या विषयातील दोन-तीन गृहपाठ घेऊन आम्ही ते बदलतो. आपल्या गावच्या आठवडी बाजारातील भाव टिपून आणणे, स्वतः काढलेल्या फोटोचे वर्णन करणे, लिहिलेल्यावर पाच मिनिटे तोंडी उत्तरे देणे असे त्यांचे रूप असते. या बाबतीत अजून बरेच काम व्हायचे आहे.

या क्षेत्रात येणाऱ्यांना एक कठीण गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आमचे काम अध्यापकीय पदांत मोजले जात नाही आणि शिक्षकेतर पदांच्या आकृतिबंधात त्याला चपखल जागा नाही. मी स्वतः अनेक वर्षे प्रकल्पाच्या निधीतून कंत्राटी तत्त्वावर काम केले. दर मार्चअखेर मुदतवाढीची नस्ती फिरे आणि आदेश हाती येईपर्यंत वेतन थांबे. याच अनिश्चिततेमुळे चांगली तयार झालेली मुले खासगी कंपन्यांत गेली, जिथे अभ्यासक्रम रचणाऱ्याला याच कौशल्यासाठी बरे वेतन मिळते. प्रत्येक मूल्यांकनाच्या वेळी ‘माहिती-तंत्रज्ञानाचा वापर करणारे शिक्षक किती’ हा आकडा मागितला जातो. तो आकडा ज्यांच्या श्रमांतून येतो त्यांना मात्र पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे ठाऊक नसते. विद्यापीठांनी संगणक खरेदीवर केलेल्या खर्चाचा एक लहानसा हिस्सा जरी या मनुष्यबळावर खर्च केला असता, तरी कुलूपबंद पडलेल्या अनेक स्मार्ट वर्गखोल्या आज वापरात असत्या.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही विद्यापीठाला एक प्रस्ताव दिला. त्यात केंद्रासाठी अभ्यासक्रम रचनाकाराची नियमित पदे मागितली आहेत आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयातील एका प्राध्यापकाला आठवड्याच्या कार्यभारात दोन तासांची सूट देऊन सहकाऱ्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी द्यावी, असे सुचवले आहे. सूट कागदावर हवी, तोंडी नको, हे त्यात स्वतंत्र परिच्छेदात लिहिले आहे. प्रस्तावासोबत कोणत्या विभागाने कोणती अडचण आणली आणि ती कशी सोडवली, याची विभागवार नोंद जोडली आहे. वित्त विभागाने पदांबाबत खुलासा मागवला आहे आणि त्याचे उत्तर आम्ही तयार करत आहोत. कार्यभारातील सवलतीला मात्र काही प्राचार्यांनी मंजुरीची वाट न पाहता आपल्या अखत्यारीत होकार दिला आहे. त्यांच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांची पहिली तुकडी जूनमध्ये, प्रवेशांची गर्दी सुरू होण्याआधी, केंद्रात येणार आहे. येताना प्रत्येकाने मुले हमखास अडतात असा आपल्या विषयातील एक घटक आणि त्यावरची जुनी प्रश्नपत्रिका सोबत आणावी, असे त्यांना कळवले आहे.